बॉनेटवर उडालेल्या रंगाचे टवके घरीच कसे भरायचे

गिट्टीच्या नाहीतर कोळशाच्या ट्रकमागं गाडी चालवली की बॉनेटच्या पुढच्या कडेवर टवके पडणारच, वणी-चंद्रपूरकडच्या गाड्या पाहा ना. पण राजेहो, टवका दिसतो कसा ते राहू द्या, पत्रा उघडा पडला का ते आधी पाहा, कारण उघड्या पत्र्यावरून एक पावसाळा गेला की गंज रंगाच्या खालून पसरतो अन मंग ते घरचं काम राहत नाही.

आजकालच्या गाडीवर पत्र्याला आधी प्रायमर म्हणजे अस्तराचा थर, त्यावर रंगाचा बेस कोट अन सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. टवक्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओलं असताना खूण गायब झाली तर फक्त क्लिअर कोट घासलाय, पॉलिशनं भागते. खाली एकसारखा राखाडी थर दिसला तर बहुतेक प्रायमर शाबूत आहे, चकचकीत किंवा तांबूस दिसलं तर पत्राच. बंपर प्लास्टिकचा असतो, तो काही गंजत नाही, त्याची घाई नको.

टच-अप रंगाची डबी घ्यायला दुकानात जाऊन नुसतं 'पांढरा द्या' म्हणू नका. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, त्याचा फोटो दाखवा. सिल्व्हर अन पर्ल व्हाइट घरी शंभर टक्के कधीच जुळत नाही, हे आधीच मनाला सांगून ठेवा.

काम हिवाळ्यात सकाळी, सावलीत करा. मे महिन्यात ४५ डिग्रीत रंग ब्रशवरच वाळतो, पावसाळ्यात दमट हवेनं वरचा क्लिअर कोट पांढुरका पडू शकतो, अन बाजूच्या वावरात सोयाबीनचं थ्रेशर चालू असलं तर त्या दिवशी डबी उघडूच नका.

शाम्पूनं धुवून, वाळवून टवका आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे ते असतेच. पेट्रोल नको, त्याचा तेलकट अंश राहतो. सुटलेले पापुद्रे टूथपिकनं काढा. गंज असला तर ४०० नंबरच्या सँडपेपरचा बारीक तुकडा पेन्सिलीच्या मागच्या टोकाला चिकटवून तेवढ्याच जागेवर घासा, सगळा निघाला पाहिजे, नाहीतर सारी मेहनत पाण्यात. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा ठिपका द्या अन वाळू द्या.

आता रंग. डबीसोबतचा ब्रश जाडा असतो, तो फेकाच, टूथपिक बरी. टवका हा रंगवायचा नसतो, भरायचा असतो, म्हणून टोकावर थेंब घेऊन खड्ड्याच्या मधात टेकवा, तो आपोआप पसरतो. एकदम भरायची हाव करू नका, वाळला की आकसतो, दोन-तीन पातळ थर द्या अन दर थराला अर्धा तास थांबा. बाजूला सांडलं तर ओलं असतानाच पुसा. रंग पृष्ठभागापेक्षा जरासा खाली राहू द्या, तासाभरानं क्लिअर कोटचा थेंब टाकून वर आणा.

मंग आठवडाभर हात लावू नका. उंचवटा राहिला तर २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून फक्त ठिपक्यावरच हलका फिरवा, कारण आजूबाजूचा क्लिअर कोट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका पातळ असतो, जोर दिला की तोही गेला. शेवटी रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, अन वॅक्स महिनाभरानं.

टवका एक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा असला किंवा गंजानं रंग फुगला असला तर टूथपिक ठेवून द्या अन सरळ पेंटरकडे जा.