चांदीचे जुने पेग-माप कसे पारखावे आणि कसे सांभाळावे

जळगावच्या सराफ बाजारात मोडीला आलेल्या जुन्या चांदीत वाळे, तांबे, अत्तरदाण्यांबरोबर एखादे पेगचे माप, म्हणजे दारू मोजून ओतायची छोटी वाटीही सापडू शकते. भुसावळसारख्या जुन्या रेल्वे गावात भंगारवाल्याकडेही नजर ठेवावी. अशी वस्तू एकदा मुशीत गेली की संपली, म्हणून ती जागेवरच ओळखता आली पाहिजे.

भाव विचारण्याआधी दहापट भिंग घेऊन छाप शोधा. छाप बहुधा काठाजवळ किंवा बुडाशी असतो. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची 925 चांदी, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदी. सिंहाशेजारची खूण वस्तू कोणत्या शहरात तपासली ते सांगते: जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचे तोंड असेल तर लंडन आणि मुकुट असेल तर 1975 पूर्वीचे शेफील्ड. सोबतच्या अक्षरावरून वर्ष निघते. मात्र अक्षराचा टाइप आणि चौकटीचा आकार दोन्ही हॉलमार्कच्या तक्त्याशी जुळले पाहिजेत, कारण तेच अक्षर दर काही वर्षांनी पुन्हा येते. अमेरिकी वस्तूवर बहुधा नुसते ‘स्टर्लिंग’ असते.

सर्वात जास्त फसगत होते ती ‘ईपीएनएस’ (EPNS) या छापामुळे. ही चार अक्षरे अनेकदा चार वेगळ्या चौकटींत ठोकलेली असतात आणि घाईत हॉलमार्कसारखी दिसतात. प्रत्यक्षात ते जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदी नसलेला तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू असते, वर चांदीचा मुलामा. ‘जीआयपीआर’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अशी जुन्या रेल्वेची आद्याक्षरे दिसली तरी आधी मुलाम्याचाच संशय घ्यावा. संग्राहकाला त्याचे मोल असते, पण पैसे चांदीच्या वजनाने मोजू नयेत.

छाप पुसलेला असेल तर सराफाकडून टंच, म्हणजे शुद्धता, यंत्रावर काढून घ्या. हे यंत्र फक्त वरचा थर वाचते, त्यामुळे जाड मुलाम्यावर आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून घरीही ताडून पाहा. कोरडे वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि माप दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडांना टेकू देऊ नका. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. 10.3 च्या आसपास आले तर 925 चांदी, साधारण 8.7 आले तर जर्मन सिल्व्हर. मापात हवेचा बुडबुडा अडकला, दांडा पोकळ असला किंवा बूड लाखेने भरलेले असले, तर उत्तर चुकते.

मापात किती मावते हेही मोजा. 10 मिलीच्या सिरिंजने काठापर्यंत पाणी भरा. आत रेघ असेल तर तिथपर्यंतच. 30 आणि 60 मिली हे आपल्याकडचे छोटा आणि मोठा पेग. सुमारे 24 मिली म्हणजे इंग्लंडमधल्या ‘गिल’ या जुन्या मापाचा सहावा भाग, तर 44 म्हणजे अमेरिकी दीड औंस. दोन टोकांना दोन वाट्या असलेले माप नेहमीचेच. अंगुस्तान किंवा घंटेच्या आकाराची मापे खरी हौसेची, आणि त्यांना मोडीच्या भावापेक्षा जास्त देणे योग्यच आहे.

दोन वाट्या जिथे जुळतात ती मान नीट पाहा. माप भरून दहा मिनिटे टिपकागदावर ठेवा. कागद ओला झाला तर झाळ सुटली आहे. तिथे करड्या रंगाचा गोळा दिसला तर कुणीतरी शिशाची झाळ दिली असावी. ते माप पिण्यासाठी वापरू नये. मुलामा उडून आत पितळ किंवा तांबे दिसत असेल तर लिंबाचा रस त्यात मुळीच घालू नये.

दुकानात ‘उजळून देऊ का?’ असे विचारतील. नाही म्हणा. बफच्या चाकाने छाप आणि कोरीव काम झिजते, आणि छाप गेला की किंमतही गेली. घरी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड पुरते. गरम पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल हा उपाय काळपटपणा काढतो, पण कोरीव रेषांतली मुद्दाम ठेवलेली काळी छटाही काढतो. लाखेचे बूड असेल तर तो करूच नये.

खानदेशात उन्हाळाभर कूलर चालतो आणि त्याच्या दमट हवेने चांदी लवकर काळी पडते. कपाट कूलरच्या झोतापासून दूर ठेवा. रबरबँड आणि लोकरीतल्या गंधकाने डाग पडतात, म्हणून प्रत्येक माप धुतलेल्या सुती कापडात वेगळे गुंडाळा आणि सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा.