गावात मातीवरची बाईक रेस ठेवता? मग बघणाऱ्याचं पण बघा

राजेहो, मी रायडर नाही, मेकॅनिक नाही, मी बघणारा माणूस आहे. स्पीडवे हा मातीवरच्या बाईक रेसचा खेळ मी बऱ्याच वर्षांपासून मोबाईलवर बघतो, पोलंडमधल्या संध्याकाळच्या मॅच आपल्या इकडे रात्री लागतात तर जेवण झालं की अंगणात खाट टाकायची आणि बघत बसायचं. आणि आता आपल्याही भागात सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात पोट्टे बाईकच्या रेस ठेवायला लागलेत, मला त्याचा मनापासून आनंद आहे, म्हणूनच हे लिहितो आहे, कारण रेस चांगली असते पण बघणाऱ्याचे हाल होतात.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या आबाजीला एका गावाच्या रेसला घेऊन गेलो. आबाजी म्हणजे शंकरपटाचे, बैलजोड्यांच्या शर्यतीचे, जुने शौकीन. 2014 ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हापासून 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळेपर्यंतची वर्षं त्यांनी कशी काढली ते घरच्यांनाच माहीत, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं नुसतं नाव निघालं तरी ते उठून बसतात. पटात जोडी दुरून दिसली की कोणाची, कोणत्या गावची, मागच्या साली किती सेकंदात गेली, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि त्या दिवशी बाईकच्या रेसमध्ये सगळ्यांचे हेल्मेट काळे, वरून धुरळा असा की समोरचं निंबाचं झाड दिसेना, डीजेवर गाणी चालू, रेस झाली तर कोणी सांगेना की कोण जिंकलं. आबाजी मला म्हणाले, "अरे, हे सारे सारखेच दिसते. टाळी कोनाले मारू?" तासाभरात आम्ही निघून आलो.

टाळी कोणाला मारायची हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, माझं सगळं म्हणणं याच्यावरच आहे.

स्पीडवेवाल्यांनी हे फार आधी सोडवलंय. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मातीचा अंडाकृती ट्रॅक, एका वेळी चार रायडर, चार चक्कर, नेहमी डावीकडे वळायचं, 500 सीसीचं मिथेनॉलवरचं इंजिन, एकच गियर आणि ब्रेक नाहीच. वळणावर मागचं चाक घसरवत गाडी आडवी घालून जातात. पूर्ण रेस साधारण एका मिनिटात खल्लास. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला काही नाही. आणि चौघांच्या हेल्मेटवर चार रंग, लाल, निळा, पांढरा, पिवळा. आपण ब्रेक काढायचे नाहीत हे आधीच सांगतो, आपली पोट्टी साध्या गाड्यांवर पळतात, ब्रेक राहूच द्या. पण बाकीचं बरंच काही जसंच्या तसं उचलण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी रंग. गावातल्या टेलरकडे जा, चार रंगांचं सॅटिनचं कापड घ्या आणि हेल्मेटवर चढतील अशी खोळं शिवून घ्या, खाली घट्ट इलॅस्टिक, समोर काचेची जागा पूर्ण मोकळी, कुठेही दोरी लोंबकळता कामा नये. माप घेताना सगळ्यात मोठं हेल्मेट न्या. आणि एका सेटवर भागत नाही, हे आम्हाला करून कळलं, कारण तीन-चार रेस झाल्या की मुरमाच्या धुळीनं पांढरं आणि पिवळं दोन्ही सारखंच तांबूस दिसायला लागतं. दोन-तीन सेट ठेवा, मधल्या सुट्टीत बदला. भगवा रंग घेऊ नका, लालसोबत गडबड होते.

मग कागद. इंग्लंड-पोलंडमध्ये प्रेक्षकाच्या हातात प्रोग्रॅमचं पुस्तक असतं, त्यात प्रत्येक रेसमध्ये कोण पळणार ते छापलेलं आणि बाजूला रिकामे चौकोन, लोक पेन घेऊन बसतात आणि रेस झाली की स्वतः मार्क भरतात. मला वाटतं खेळ समजून घ्यायची याच्यासारखी दुसरी युक्ती नाही, कारण माणूस मार्क भरायला लागला की तो जागेवरून उठत नाही, त्याला पुढची रेस बघावीच लागते. आपल्याला पुस्तक नको, झेरॉक्सचा एक कागद पुरे, एका बाजूला रायडरचं नाव, गाव आणि नंबर, दुसऱ्या बाजूला रेसचा तक्ता.

तक्ता कसा करायचा तर स्पीडवेचा जुना हिशोब आहे, 16 रायडर, 20 रेस, प्रत्येक जण 5 वेळा पळतो आणि प्रत्येकाची बाकी पंधरा जणांशी बरोबर एकदाच गाठ पडते. कोणी म्हणू शकत नाही की मला सगळे तगडेच आले. जास्तीत जास्त मार्क 15. इकडे बरेच ठिकाणी काय करतात, हरला की बाहेर, मग ज्या गावचा पोट्टा पहिल्याच रेसमध्ये गेला त्या गावची माणसं लगेच गाड्या चालू करून घरी. पाच चान्स असले तर ती माणसं शेवटपर्यंत थांबतात, कारण पहिल्यात पडलेला पोट्टा चौथ्यात जिंकू शकतो.

आता धुरळा, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण अर्धी मजा इथंच जाते.

आपली काळी माती रेससाठी एकटी चालत नाही. कोरडी असली की फुफाटा, पाणी जास्त झालं की चाकाला गोळा. म्हणून ट्रॅकच्या जागी आधी वखर मारून ढेकळं फोडा, पाटा फिरवून सपाट करा, आणि मग वरून बारीक मुरमाचा थर द्या, गोटे वेचून काढा, मागच्या चाकानं उडालेला गोटा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. पाणी आदल्या दिवशी संध्याकाळी भरपूर मारा म्हणजे रात्रभर मुरेल, सकाळी पुन्हा थोडं, आणि रेसच्या वेळी फक्त शिंपडा. टँकरचं नळकांडं सरळ सोडलं की एकाच जागी डबकं होतं आणि पुढचा रायडर तिथंच घसरतो. टँकरच्या मागे आडवा पीव्हीसी पाइप बांधा, त्याला बारीक भोकं पाडा, म्हणजे पाणी सारखं पडतं.

आणि मग दर चार रेसनंतर ट्रॅक दुरुस्त करायचाच. स्पीडवेमध्ये ट्रॅक्टर पट्टी लावून येतो आणि चाकांनी बाहेरच्या कडेला फेकलेली माती पुन्हा आत ओढून आणतो, मग पाणी. हे काम बघताना मला दर वेळी आपली वखरणीच आठवते, तोच अंदाज, पास म्हणजे वखराचं पातं किती खोल जाऊ द्यायची, कुठे उचलायची. ज्याचा हात वखरावर बसलेला आहे असा जुना माणूस या कामाला घ्या, पोट्ट्यांच्या हाती ट्रॅक्टर देऊ नका. प्रेक्षक बसवायची जागा ठरवताना वाऱ्याचा अंदाज घ्या, तीन-चार दिवस आधी रेसच्या वेळेलाच वावरात जाऊन मूठभर माती उडवून बघा, धूळ ज्या बाजूला जाते त्या बाजूला माणसं बसवायची नाहीत.

कुठे बसवायची नाहीत याच्यात दुसरी गोष्ट त्याहून मोठी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला एकही माणूस नको. गाडी सुटली की ती सरळ जाते, वळत नाही, आणि सरळ गेली की ती वळणाच्या बाहेरच येणार. पोट्टे नेमके तिथंच मोबाईल घेऊन उभे राहतात कारण तिथून भारी दिसतं. तिथं आधीच बांबू आणि दोर लावून जागा बंद करा, दोन दांडगे माणसं उभे करा, आणि त्या दोराच्या आत, ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला, सोयाबीनच्या कुटारानं म्हणजे भुशानं भरलेल्या पोत्यांच्या दोन ओळी लावा, स्पीडवेमध्ये वळणावर हवा भरलेल्या गाद्यांचं कुंपण असतं, आपल्याला तेवढं जमत नाही तर निदान कुटार तरी. कुटाराजवळ बिडी-सिगारेट बिलकुल नाही, पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवा. ट्रॅकच्या मधोमध पण लोक घुसू देऊ नका, मधे फक्त कामाची माणसं.

लोक बसवायचे ते स्टार्टच्या सरळ पट्टीच्या बाहेर, दोराच्या दोन ओळी आणि मधे चांगलं अंतर सोडून. वावराला चढ असेल तर सोनं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सगळं दिसतं. चढ नसेल तर ट्रॉल्या लावा, मागे एका रांगेत, लहान पोरं आणि म्हातारी माणसं वर. फक्त ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा, काढून ठेवलेल्या दोन चाकी ट्रॉलीत सगळे मागच्या बाजूला गेले की ती उलटते. चाकाला दगड, इंजिन बंद.

परवानगी, पोलीस, डॉक्टर हे सगळं लागतंच, त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल. एकच सांगतो, ॲम्ब्युलन्स कोणाला घेऊन गेली तर ती परत येईपर्यंत किंवा दुसरी येईपर्यंत रेस बंद. लोक ओरडतील, ओरडू द्या.

आता वेळ. हिशोब करून बघा, 20 रेस गुणिले एक मिनिट, म्हणजे सगळी मिळून वीस मिनिटांची रेस आणि माणूस बसतो दोन-अडीच तास. म्हणजे मधला वेळ कसा जातो याच्यावरच तो पुढच्या साली येतो की नाही ते ठरतं. स्पीडवेमध्ये दोन मिनिटांची सूचना होते, तेवढ्यात स्टार्टला आला नाही तर रायडर त्या रेसमधून बाहेर, मग तो किती का मोठा असेना. हा नियम लावाच आणि पहिल्याच रेसपासून लावा. पाच मिनिटाला एक रेस धरली तर 20 रेसला शंभर मिनिटं, ट्रॅक दुरुस्तीच्या चार सुट्ट्यांना आठ-आठ मिनिटं, म्हणजे तीनला सुरू केलं की सव्वापाचला मोकळे. डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास दिवस मावळतो, लोकांना उजेडात घरी जाता येतं. फक्त तीन म्हणजे तीन, पुढाऱ्यांची भाषणं दोन ते तीनच्या मधात उरकून घ्या, नारळ फोडायला गाडी अडकून राहिली की सगळा तक्ता कोसळतो.

आणि स्टार्टचं सामान आदल्या दिवशी वीस वेळा चालवून बघा. स्पीडवेत चौघांच्या पुढे फिती असतात, त्या वर उडाल्या की सुटायचं, आधी शिवला तर बाहेर. 2015 साली पोलंडमधल्या वॉर्साच्या नॅशनल स्टेडियममध्ये स्पीडवेची ग्रां प्री, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपची मोठी रेस होती, 50,000 च्या वर पब्लिक, आणि स्टार्टचा गेट नीट चालेना, ट्रॅकही बिघडला, शेवटी 12 हीटनंतर, म्हणजे 12 रेसनंतर, बंद करावी लागली. तिथं सगळी यंत्रणा असून असं झालं. आपल्याकडे झेंडा चालतो, पण झेंडेवाला एकच माणूस पूर्ण वेळ, आणि तो कोणत्याही रायडरचा भाऊ, मामा, काका नको.

माईकवरचा माणूस पटाचा घ्या. पटात जोडी सुटायच्या आधी मालकाचं नाव, गावाचं नाव कसं घेतात, तसंच इथं, "लाल टोपी अमुक, गाव अमुक, आतापर्यंत सात मार्क". मग रेस चालू झाली की माईक आणि डीजे दोन्ही बंद, लोक इंजिनचा आवाज ऐकायला आलेले असतात. रेस संपली की अर्ध्या मिनिटात चारही नंबर रंगासकट सांगायचे, दोनदा. ज्यांच्या हातात कागद आहे ते त्याचीच वाट बघत असतात.

बायांसाठी आडोसा आणि पाण्याची सोय असलेलं संडास-बाथरूम पाहिजेच, हे कोणी लक्षातच घेत नाही, आणि मग बाया येत नाहीत आणि आल्या तर माझ्या बहिणीसारख्या अर्ध्यातून परत जातात. प्यायच्या पाण्याचे माठ सावलीत. आलुबोंडा, पोहे-तर्रीची दुकानं मागे, ट्रॅकच्या दोराला लागून नाही. खर्ऱ्याच्या पन्न्यांसाठी पोती बांधून ठेवा, ते वावर कोणाचं तरी आहे, पुढच्या साली त्याला पुन्हा मागायचं आहे. गाड्या लावायला दोन वाटा, एक यायची, एक जायची, जायच्या वाटेवर ट्रॉली लावली तर हवा सोडा.

आम्ही मागच्या साली आमच्या गावी यातलं जेवढं जमलं तेवढं केलं. टँकर एकच मिळाला, आठव्या रेसनंतर धूळ झालीच, माईकवाल्यानं दोनदा नावं चुकवली. पण आबाजी शेवटपर्यंत ट्रॉलीवर बसून होते, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, आणि शेजारच्या पोट्ट्याला विचारत होते, "निळ्याले दोन की तीन?"

शेवटचं काम विसरू नका, निकालाचा पूर्ण कागद, वीसही रेसचा, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर चिकटवा. आमच्या इथं तो चार दिवस होता आणि चार दिवस लोक तिथं उभे राहून तेराव्या रेसमध्ये पिवळ्यानं पांढऱ्याला आतून काढलं की बाहेरून यावर भांडत होते.