आधी काचेखालची चिठ्ठी वाचा

परफॉर्मन्स सपोर्टचं, म्हणजे काम करता करता मिळणाऱ्या मदतीचं, पहिलं काम हातात आलं तेव्हा पुण्यात ई-लर्निंगमध्ये माझी चार वर्षं झाली होती. एका बँकेचं काम होतं. आम्ही जुन्या कोर्सचे तुकडे केले, वर शोधायची सोय दिली आणि नवं नाव ठेवलं. तीन आठवड्यांनी शाखेत गेलो, तर काउंटरवरच्या मॅडमच्या टेबलावर काचेखालची हाताने लिहिलेली चिठ्ठी जागची हललेली नव्हती. "सर, तुमचं ते उघडून वाचायला वेळ कुठाय? समोर माणूस उभा असतो."

परफॉर्मन्स सपोर्टची कल्पना 1991 च्या सुमारास प्रशिक्षण क्षेत्रातल्या सल्लागार ग्लोरिया गेरी यांनी रुजवली: काम करताना, अडेल तिथे, लागेल तेवढीच मदत. मदतीचे त्यांनी तीन प्रकार केले. काम सोडून शोधायची मदत, म्हणजे मॅन्युअल किंवा हेल्पडेस्क. सॉफ्टवेअरमध्येच असलेली, पण आपण मागितल्यावर येणारी. आणि तिसरी, कामाच्या स्क्रीनमध्येच इतकी मुरलेली की ती मदत आहे हे जाणवतही नाही. नवखे लोक दुसरीवर थांबतात. मीही थांबलो होतो.

मॅडमची चिठ्ठी होती मयत खातेदाराच्या दाव्याची. छोट्या शाखेत असा दावा क्वचित येतो, म्हणून प्रशिक्षणात ऐकलेलं तोवर विसरलेलं असतं. आणि चुकलं की भोगतं कोण, तर घरात नुकतंच माणूस गेलेलं कुटुंब. नॉमिनी नोंदलेला असेल तर कोर्टाच्या वारस दाखल्याचा आग्रह धरू नये आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढावा, असं रिझर्व्ह बँक सांगते. तरी 'उगाच नंतर भानगड नको' म्हणून दाखला मागितला जायचा. चिठ्ठीची पहिलीच ओळ होती: 'आधी नॉमिनी बघ.' आमच्या कोर्समध्ये ती अकराव्या स्लाइडवर होती!

दुसऱ्या खेपेला दाव्याच्या स्क्रीनवरच पहिला प्रश्न टाकला: नॉमिनी आहे, संयुक्त खात्यातला दुसरा खातेदार हयात आहे, की दोन्ही नाही? उत्तराप्रमाणे फक्त लागणारे कागद दिसायचे. तीच यादी मराठीत छापून नातेवाइकांच्या हातात देता यावी, हे मॅडमनी सुचवलं. आमच्या डोक्यातही नव्हतं.

आता मूल्यमापन. 'किती जणांनी उघडलं?' हा प्रश्न बँक हमखास विचारते. पण एकच पान पुन्हा पुन्हा उघडलं जात असेल, तर मूळ फॉर्मच गोंधळाचा असू शकतो. काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी मोजून ठेवा: अपुऱ्या कागदांमुळे हेड ऑफिसने परत पाठवलेले दावे, कुटुंबाच्या फेऱ्या, आणि हेड ऑफिसला केलेले फोन. पहिल्या वेळी आम्ही आधीचे आकडेच घेतले नव्हते. मीटिंगमध्ये क्लिक मोजून दाखवत बसलो, आणि समोरचे चहा पीत बसले.

चाचणी साधी ठेवा. नवीन क्लार्कला बनावट नावांची फाइल द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा (हे सगळ्यात अवघड). तो स्क्रीन सोडून शेजारच्या सहकाऱ्याला कुठे विचारतो, ते टिपून घ्या. दुरुस्ती तिथेच लागते.

आणि सर्क्युलर बदललं की मजकूर कोण बदलणार, बँकेतल्या त्या माणसाचं नाव करारातच लिहून घ्या. आमच्या करारात ते नव्हतं. सहा महिन्यांनी स्क्रीनवर जुना फॉर्म दिसत होता, काउंटरवर नवा होता, आणि मॅडमनी काचेखाली नवी चिठ्ठी सरकवली होती.