रूममेटशी भांडण झालं, सामान आतच राहिलं?

नवी मुंबईत घणसोली-कोपरखैरणेत चार-चार जण मिळून फ्लॅट घेतात, तिथे हे नेहमीचंच: वाद होतो, एक जण रागात बाहेर पडतो आणि मार्कशीटची फाइल कपाटातच राहते. अशा वेळी कुलूप तोडायला किंवा मित्रांची टोळी घेऊन दार ठोठवायला अजिबात जाऊ नका. उलट तुमच्यावरच तक्रार व्हायची.

आधी व्हॉट्सॲपवर शांतपणे लिहा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. "माझं सामान दे" एवढं पुरत नाही. "बेडरूमच्या कपाटात खालच्या कप्प्यात निळी फाइल, त्यात दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट, टेबलावर लॅपटॉप, चार्जरसकट" असं लिहा आणि न्यायला कधी, किती वाजता येताय तेही कळवा. लॅपटॉपचं बिल मेलमध्ये शोधून ठेवा. जुन्या फोटोंत मागे तुमची सायकल किंवा मिक्सर दिसत असेल, तर तेही जपा.

घरमालकालाही तोच मेसेज पाठवा. जाताना सोसायटीच्या सेक्रेटरीला सोबत यायची विनंती करा, सामानाच्या यादीवर तुमची आणि रूममेटची सही घ्या.

तरीही देत नसेल, तर त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. "आपसात मिटवा" असं ऐकावं लागलं, तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका. विश्वासाने सोपवलेली वस्तू अप्रामाणिकपणे हडपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे. हाणामारीची चिन्हं दिसली, तर सरळ 112 या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

डिपॉझिटचा हिशेब मात्र त्याच दिवशी काढू नका. आधी मूळ कागदपत्रं हातात येऊ द्या.