परदेशातून घरच्या इंटरनेटवर: कोल्हापुरातून निघण्यापूर्वी करून ठेवायची तयारी

घरी वर्षाचे पैसे भरलेले ॲप परदेशात उघडले की ‘ही सेवा आपल्या भागात उपलब्ध नाही’ असे उत्तर अनेकदा मिळते. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात आणि प्रेक्षक कोणत्या देशात आहे हे मुख्यतः त्याच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) ठरवले जाते. विकतच्या व्हीपीएनचा, म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्या ठिकाणच्या संगणकामार्गे नेणाऱ्या सेवेचा, येथे फारसा भरवसा धरता येत नाही, कारण त्यांचे पत्ते डेटा सेंटरचे असल्याने ते सहज ओळखू येतात. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचे निर्देश दिल्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. त्याऐवजी राजारामपुरीतल्या आपल्या घरीच एक छोटा संगणक चालू ठेवला आणि परदेशातील लॅपटॉपची सगळी वाहतूक त्याच्यामार्गे वळवली, तर समोरच्या सेवेला घरचाच पत्ता दिसतो. मात्र काही सेवांच्या अटींमध्ये व्हीपीएनला मनाई असते आणि काही देशांत त्याच्या वापरावर कायदेशीर बंधने आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी आधी वाचून घ्याव्यात.

सर्वप्रथम घरच्या जोडणीचा अपलोडचा वेग मोजावा. आपण एरवी डाउनलोडच्या आकड्याकडे पाहतो, परंतु येथे घरातून बाहेर जाणारा वेग हाच परदेशात आपल्याला मिळणारा वेग ठरतो. स्वच्छ एचडी चित्रासाठी सुमारे ५ एमबीपीएस पुरतात, पण त्याच वेळी घरातले कोणी व्हिडिओ कॉलवर असेल, हे धरून दुप्पट तरी वेग हाताशी असावा.

दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची आहे आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून दिसणारा पत्ता आणि ‘माझा आयपी कोणता’ असे शोधल्यावर संकेतस्थळ सांगते तो पत्ता, हे दोन्ही शेजारी लिहून पाहावेत. ते जुळत नसतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर आपला पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत आहे असे समजावे. वाड्याला दिंडीदरवाजा एकच आणि आत बिऱ्हाडे वीस, असा हा प्रकार असतो. बाहेरून येणाऱ्याला नेमके आपले दार सापडत नाही. अशा वेळी जादा शुल्क भरून स्थिर सार्वजनिक पत्ता मागता येतो, किंवा टेलस्केलसारखे व्हीपीएन साधन वापरता येते, ज्यात घरचा संगणक स्वतःच बाहेर संपर्क साधतो आणि राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याचा क्रमांकित मार्ग) उघडावा लागत नाही.

सार्वजनिक पत्ता असल्यास मी वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर निवडेन. रास्पबेरी पाय (घरी चालू ठेवायचा तो छोटा संगणक) राउटरला केबलने जोडावा, राउटरमध्ये ५१८२० क्रमांकाचा पोर्ट (प्रकार यूडीपी) त्याच्याकडे वळवावा आणि पत्ता अधूनमधून बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएसचे नाव (पत्ता बदलला तरी घराकडेच नेणारे नाव) घ्यावे. टेलस्केलच्या बाबतीत घरच्या संगणकावर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्या उपकरणाची वाहतूक पुढे पाठवण्याची सोय) चालू करून त्याला ‘एक्झिट नोड’ (वाहतूक बाहेर पडण्याचे ठिकाण) म्हणून जाहीर करावे आणि नियंत्रण पानावर त्यास मंजुरी द्यावी. त्याच पानावर ‘की एक्स्पायरी’ (संगणकाच्या ओळख-किल्लीची मुदत) बंद करण्यास विसरू नये; ती मुदत मुळात १८० दिवसांची असते आणि ती परदेशात असताना संपली, तर घरच्या माणसाला संगणकासमोर बसवावे लागते. थेट जोडणी न जुळल्यास वाहतूक मधल्या सर्व्हरवरून फिरते आणि चित्र अडखळू लागते, म्हणून जोडणी ‘डायरेक्ट’ आहे की ‘रिले’, हेही पाहून घ्यावे.

चाचणी घरच्या वायफायवर घेण्यात अर्थ नाही. रंकाळ्यावर जाऊन बसावे, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा, व्हीपीएन चालू करून आयपी पत्ता घरचाच दिसतो का ते पाहावे आणि किमान अर्धा तास एखादा कार्यक्रम चालवावा. काही पाने अर्धवट उघडून थांबत असतील, तर एमटीयू (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा कमाल आकार) १२८० वर आणून पाहावे. फोनवरील ॲप कधीकधी जीपीएसही तपासते, त्यामुळे लॅपटॉपवरचा ब्राउझर अधिक सोयीचा पडतो.

राउटर आणि पाय हे दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत, कारण वीज अचानक गेल्याने पायचे मेमरी कार्ड बिघडू शकते. माझा स्वतःचा घोटाळा मात्र विजेमुळे झाला नाही. मी जर्मनीत असताना आई चैत्र यात्रेला जोतिबावर गेली आणि निघताना, तिच्या नेहमीच्या शिस्तीप्रमाणे, घरातले एकूण एक बटण बंद करून गेली. मला दोन दिवस कारण उमगेना. आता त्या बटणाजवळ ‘हे बंद करू नये’ असा कागद चिकटवलेला आहे आणि त्याखाली, राउटर बंद करून पाच मिनिटांनी चालू करावा व त्यानंतर पायचे बटण दाबावे, एवढ्याच दोन सूचना ठळक अक्षरांत लिहिल्या आहेत, ज्या आई चष्म्याशिवाय वाचू शकते.