हिप रिप्लेसमेंट (खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन) झालंय, आता चालायचं कसं?
आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन उभं केलं, आम्हीच घाबरलो, पण तसंच करतात हो. घरी आल्यावर एकदम लांब फेरी नको, ५-१० मिनिटं चाला पण दिवसातून ३-४ वेळा, मग हळूहळू वाढवा. पडल्या पडल्या पावलं वरखाली हलवत राहायची, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, टीव्ही बघतानाही चालतं हे.

जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा आधी, कठडा धरूनच.

खरी पंचाईत आपल्याकडे बसण्याची! मांडी घालणं, पाटावर जेवणं, उकिडवं बसणं, भारतीय संडास, सगळं बंद. साधारण पहिले ६ आठवडे तरी कंबरेत ९० अंशापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही (काही ऑपरेशनमधे नियम वेगळे असतात, सर्जनना विचारा). उंच खुर्ची आणि कमोड रेझर (कमोडवर बसवायची उंच सीट) आधीच आणून ठेवा, घरातली पायपुसणी उचला, आई त्यातच अडकली होती.

चालून थोडं दुखणारच, बर्फ लावा. पण पोटरी सुजून दुखली तर लगेच डॉक्टरांना फोन, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल गाठा.