जॅझ-ब्लूज ऐकताना गोंधळ उडतोय? या चुका टाळा

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गायकी, जॅझचं एक मूळ. 'बारा बारचा ब्लूज' म्हटलं की आपल्याकडचा कानसेन लगेच बारा मात्रांचा एकताल लावतो, आणि दोन ओळींत हरवतो. बार म्हणजे मात्रा नव्हे. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे आवर्तन 48 मात्रांचं. त्याचा साधा साचा असा: चार बार 'सा'चा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), दोन 'म'चा, दोन परत 'सा', मग एकेक बार 'प' आणि 'म', आणि शेवटचे दोन 'सा'. तरी सुटलंच तर शब्द धरा. बहुतेक वेळा एक ओळ येते, तीच पुन्हा येते, मग तिचं उत्तर. प्रत्येकीला चार बार. ओळ दुसऱ्यांदा सुरू झाली की खाली कॉर्ड 'म'वर गेलेला असतो.

पण नावात 'ब्लूज' आहे म्हणून डोळे मिटून बारा मोजू नका. अमेरिकन संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांच्या 1914च्या 'सेंट लुईस ब्लूज'मध्ये मधेच सोळा बारांचा भाग येतो, तोही हबानेरा या क्यूबन नाचाच्या ठेक्यात.

टाळी बारच्या पहिल्या मात्रेवर, एकवर, देऊ नका. सम पकडायची आपली खोड जात नाही. मी अख्खं गाणं एक-तीनवर टाळ्या पिटल्या आहेत, शेजारच्यांनी सहन केलं. इथे टाळी दोन आणि चारवर. चुकत असेल तर ड्रमवाल्याचा डावा पाय बघा, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) तिथेच मिटतं.

'कोरस' म्हणजे इथे ध्रुवपद नाही. सॅक्सवाल्याने तीन कोरस घेतले, म्हणजे पूर्ण आवर्तन तीनदा फिरवलं. सोलो मनाला येईल तसा चाललाय असं वाटतं, पण खाली तेच कॉर्ड त्याच जागी येत असतात.

ब्लू नोट, म्हणजे ब्लूजचा खास किंचित उतरलेला सूर, पेटीवर शोधणाऱ्यांची सगळ्यात जास्त निराशा होते. ती बऱ्याचदा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी असते. गिटारवाला तार ओढून तिथे पोचतो. कीबोर्डवर पांढरी एक सा धरा आणि बोट काळी दोनवरून पांढरी तीनवर घसरवा. नेमकी जागा मिळत नाही, चव मिळते.

आणि ट्रम्पेट वाजला की जॅझ, असंही नाही. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेटसारखे गोव्याचे जॅझ वादक होते, स्विंगचा, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचा, झोकही होता. पण गाण्याची लांबी मोजक्या मिनिटांची, वादकाला चार कोरस फिरायला तिथे जागाच नव्हती.